गेमच्या डब्याचं शेपूट

चेस्टरनं घर विकलं आणि त्याच्या दोन जावयांत लढाई जुंपली. घराच्या पैशावरून नाही. म्हातारा राहायला कुणाकडे जाणार, यावरून. जगभरचे जावई सासरा दुसऱ्याच्या गळ्यात कसा पडेल ते बघत असतात. हे दोघं मात्र तो आपल्याच गळ्यात पडावा म्हणून हट्टाला पेटले होते. चीकटोवागाच्या पोलिश वस्तीत असली गोष्ट लपून राहत नाही. शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळणाऱ्या बायका तेलात मासा सोडता सोडता विचारायच्या, "काय गं लोरी, खुर्ची कुठं चालली?"

खुर्ची म्हणजे चेस्टरची. तपकिरी, मागे रेलणारी, बाजूचा खटका ओढला की पाय उचलून धरणारी. ती एकटीच त्यानं विकायची नाही असं सांगितलं होतं. ती ज्या घरात जाईल त्या घरात चेस्टर जाणार, हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. ईस्टरनंतर घराची किल्ली नव्या मालकाला द्यायची होती. तोवर निकाल लागायला हवा होता.

चेस्टरला मुली, जावई, शेजारी, अगदी पाद्रीसुद्धा पॉप म्हणायचे. लॅकवॉनाच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर त्याची उभी हयात गेली. बायको स्टेला तीन वर्षांपूर्वी वारली. थोरली मुलगी जॅनिस, तिचा नवरा क्लिफ. विमा विकायचा, ऑर्चर्ड पार्कात घर, घरभर पांढरा गालिचा, दारात बूट काढायचे आणि काढताना क्लिफ पाहुण्याच्या मोज्यांकडे बघणार. धाकटी लोरी, तिचा नवरा नॉर्म. नळ आणि पाइपांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. त्याच्या घरात बूट कुणी काढले तर लोक काळजीनं विचारायचे, पाय दुखतायत का.

लोरीला बाप आपल्याकडे हवा होता, कारण जॅनिसनं एका वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं आणून ठेवली होती. "नुसती आणलीयेत," जॅनिस म्हणायची. "तिथं माशांची मोठी पेटी आहे." लोरीला त्या पेटीतले मासे स्वप्नात यायला लागले होते. पॉप पांढऱ्या गालिच्यावर गेला की उन्हाळ्यापर्यंत त्या पेटीसमोर बसलेला असणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

नॉर्मचं कारण वेगळं होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अख्ख्या खानदानात त्याच्याशी खेळणारा पॉप एकटाच होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच ईस्टरला नॉर्मनं टेबलावरचं, दर ईस्टरला पावाबरोबर खायचं लोण्याचं कोकरू उचलून तिथं साबणाचं कोकरू ठेवलं होतं. स्वतः कोरलेलं; डोळ्यांना मिरे, गळ्यात लाल फीत, सगळं. पॉपनं त्याचं मुंडकं कापलं, पावाला फासलं, खाल्लं आणि "यंदा लोणी बरं आहे" म्हणून दुसरा तुकडा घेतला. नॉर्म घामाघूम. महिना गेला आणि नॉर्मचे पाय सुजले. बूट घालता येईनात. डॉक्टरनं लघवीच्या गोळ्या दिल्या. नॉर्म काउंटर सोडून दिवसभर मागच्या बाजूला पळायचा. खूप दिवसांनी लोरीनं बुटाच्या आतला आकडा वाचला. पॉपनं तस्सेच बूट एक माप लहान आणून बदलले होते. त्या दिवसापासून नॉर्मनं सासऱ्याला जो मान दिला तो पाद्र्यालाही दिला नव्हता.

आता इतका गुणी माणूस क्लिफच्या घरात जाऊन मोजे घालून बसणार?

टीव्हीची गोष्ट पॉपच्याच तोंडून निघाली. दोन्ही पोरी एकदम बोलत होत्या, एक पायऱ्यांबद्दल, एक न्हाणीघराबद्दल, आणि पॉप वैतागून म्हणाला, "ज्याचा टीव्ही बरा, त्याच्याकडे जाईन. झालं?"

तो बोलला आणि विसरला. जावई विसरले नाहीत.

त्या दिवसांत सिनेमाच्या नव्या, लख्ख चित्राच्या चकत्या निघाल्या होत्या, आणि त्यांत दोन पार्ट्या होत्या. एक एचडी डीव्हीडीवाली, तिच्या डब्या लाल. एक ब्लू-रेवाली, तिच्या डब्या निळ्या. लालची चकती निळ्याच्या यंत्रात चालायची नाही आणि निळ्याची लालच्या. क्लिफनं दुसऱ्याच दिवशी निळ्या पार्टीचं यंत्र आणलं. चपटं, काळं, ट्रेसारखं. चालू आहे की बंद हे त्यावर हात ठेवूनच कळायचं.

नॉर्मकडे तळघरात गेम खेळायचा डबा होता. त्यावर तो बर्फावरची हॉकी खेळायचा आणि हरला की टेबलाला लाथ घालायचा. दुकानदारानं सांगितलं, सबंध यंत्र कशाला घेता, याच डब्याला जोडायचा वेगळा ड्राइव्ह मिळतो. लावा आणि लाल डब्यांचे सिनेमे बघा, पुढचा जमाना लालच आहे. नॉर्म घेऊन आला. पावाच्या लांबट लादीएवढं खोकं, त्याला आपली वेगळी वायर, वेगळा प्लग. डब्याच्या मागून निघालेली वायर बघून लोरी म्हणाली, "हे काय? शेपूट फुटलं याला?"

तेव्हापासून त्याचं नाव शेपूट.

शेपटाचं चित्र झकास होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण आवाज! चकती आत घेताना घशात हाड अडकल्यासारखं खरखरायचं. मग घरघर लागायची. मग गेमच्या डब्याचा पंखा तिच्या जोडीला यायचा आणि दोघं मिळून चढत जायची. मधेच सगळं गप्प व्हायचं, काहीतरी आठवल्यासारखं. आठवलं की दुप्पट जोरानं पुन्हा सुरू.

"विमान उतरतंय की काय!" लोरी म्हणाली.

"चित्र बघ, चित्र," नॉर्म म्हणाला.

ठरलं असं की पॉपनं एक शनिवार इकडे यायचं, एक तिकडे. पहिला शनिवार नॉर्मचा. नॉर्मनं लढाईचा सिनेमा आणला, पाणबुडीचा. पॉप आला, डोळे लालभडक. स्टेला गेल्यापासून त्याचे डोळे तसेच असायचे. पोरी म्हणायच्या, रडतो बिचारा. नॉर्मनं त्याला सोफ्यावर बसवलं, बिअर दिली, दिवे मालवले. पडद्यावर बंदर उजळलं. खलाशांच्या गालावरचे तीळ मोजता येत होते. पाणबुडी धक्क्याला लागलेली, माणसं बायकांना मिठ्या मारून एकेक करत चढत होती.

"बघा पॉप, दोरीचा पीळसुद्धा दिसतोय!" नॉर्म म्हणाला.

पॉप झोपला होता. मान मागे, तोंड उघडं, बिअर पोटावर सरळ उभी. पाणबुडीत माणसं अजून चढतच होती.

नॉर्मला ते फार लागलं. पुढच्या शनिवारी तर जॅनिसचा फोन आला, आवाजात नुसतं तूप. "अगं लोरी, पॉपनं मोटारींच्या शर्यतीचा सिनेमा शेवटपर्यंत बघितला! पापणी नाही लवली! शेवटची नावं संपेपर्यंत बसून होता!"

"नावं कोण बघतं?" नॉर्म मागून ओरडला.

"ज्याला सिनेमा आवडतो तो बघतो, असं क्लिफ म्हणतोय," फोनमधून आलं.

नॉर्मच्या पुढच्या खेपेलाही तेच. पॉपनं स्वतःच सांगितलं, "ती पाणबुडी लाव, राहिली होती." पाणबुडी लावली. धक्का, मिठ्या, दोरी, आणि पॉप गार. त्या वेळी शेवटचा खलाशी चढेपर्यंतही टिकला नाही. नॉर्म त्याच्या शेजारी बसून राहिला. एकट्यानं पुढचं बघणं म्हणजे हार मानणं, म्हणून त्यानंही सिनेमा बंद केला नाही की बघितलाही नाही. भिंतीकडे बघत बसला.

"आवाजानं होतं ते," लोरी म्हणाली. "माणूस वैतागतो आणि झोपून जातो. आपल्या लग्नातल्या तुझ्या भाषणाच्या वेळी असंच झालं होतं त्याचं."

हे नॉर्मला पटलं. नळाच्या धंद्यातला माणूस. आवाज कसा दाबायचा हे त्याला शिकवायला नको. त्यानं भिंतीजवळचं कपाट रिकामं केलं, खाली जुनी गोधडी अंथरली, तिच्यावर डबा आणि शेपूट ठेवलं, पाठीमागे भोक पाडून वायरी काढल्या, हवेपुरती फट सोडली आणि वरून जाड ब्लँकेट टाकलं. दार लावलं. आता तळघरात फ्रिजचासुद्धा आवाज मोठा वाटायला लागला.

नॉर्मच्या पुढच्या शनिवारी पॉप आला, बसला. पाणबुडी लागली. पहिल्या मिठीला पॉप जागा. दुसऱ्या मिठीला जागा. शेवटचा खलाशी चढला, झाकण लागलं, पॉप टक्क जागा! नॉर्मनं जिन्यातल्या लोरीला अंगठा वर करून दाखवला. पॉप जरा इकडे वळला, जरा तिकडे. उशी बदलली. मग म्हणाला, "काही बिघडलंय का?"

"नाही पॉप, सुधारलंय."

"हं." पॉप आणखी थोडा बसला. "घरी सोड मला."

"पाणबुडी आत्ता निघाली, पॉप!"

"जाऊ दे तिला. मला सोड."

लोरी दारात उभी राहून म्हणाली, "अर्ध्यात उठून गेला."

"जागेपणी गेला," नॉर्म म्हणाला. "आधी झोपेत असायचा. हळूहळू येतंय."

हळूहळू काय येत होतं ते त्या आठवड्यात कळलं. पॉपनं जॅनिसला फोन करून विचारलं, तुमच्याकडची वरची खोली कशी आहे. हवा येते का. रस्त्याच्या बाजूला आहे का. जॅनिसनं लगेच पडदे धुवायला काढले.

वर आणखी एक. फेब्रुवारीत बातमी आली. लाल पार्टीनं हात वर केले. आता लाल डब्यांत नवे सिनेमे निघणार नाहीत, यंत्रं निघणार नाहीत, खेळ खलास. नॉर्मनं ती बातमी दुकानात रेडिओवर ऐकली आणि रेडिओचं बटण फिरवलं, जणू त्यामुळे बातमी दुसऱ्या गावाला जाणार होती. लोरीला त्यानं शपथ घातली. पॉपला पेपर वाचायची सवय नव्हती, तो फक्त हॉकीचं पान आणि मयतांचं पान बघायचा. हे त्या दोन्ही पानांवर येणार नव्हतं. लपवता आलं असतं.

पण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मांसाची सोडत होती. आपल्याकडे शनिवारी अख्खं गाव तिथं. लांब टेबलं, बिअरचे जग, घरून आणलेले चिप्स, हातात नोटा धरून ओरडणारी माणसं. चाक फिरतं, नंबर येतो, आणि जिंकलेला माणूस पुढे जाऊन डुकराची मांडी नाहीतर बेकनचा गठ्ठा छातीशी धरून विजयी मुद्रेनं परततो. क्लिफ असल्या ठिकाणी यायचा नाही. त्या दिवशी आला. कोट घालून.

पॉपला नुकतीच बेकन लागली होती. टेबलावर नॉर्म, लोरी, जॅनिस, आजूबाजूला अर्धं चर्च. क्लिफनं खिशातून एक लाल डबी काढली. तिला काळी फीत बांधलेली. ती त्यानं नॉर्मच्या बिअरशेजारी ठेवली, डोकं झुकवलं आणि छातीवर क्रूस काढला.

"फार लवकर गेली रे," क्लिफ म्हणाला. "जाताना त्रास झाला का?"

आधी कुणाला कळलं नाही. मग क्लिफनं समजावून सांगितलं, विमा समजावतात तसं, मुद्देसूद. लाल पार्टी गेली, निळी राहिली. नॉर्मनं जे आणलंय ते आता दाराला अडसर म्हणून चालेल. टेबल हसलं. पलीकडचं टेबलही हसलं, आणि माशांवाल्या बायकांपैकी एक तर इतकी हसली की तिचा पुढचा नंबर हुकला.

नॉर्मनं आयुष्यभर लोकांना हसवलं होतं, पण ती फीत त्यानं बांधलेली नव्हती. शिवाय चेष्टा बरी जमली होती, हे त्याला जास्त झोंबलं. क्लिफकडून ही अपेक्षा नव्हती.

पॉप हसला नाही. बेकन मांडीवर घेऊन त्यानं विचारलं, "म्हणजे आता ते चालणार नाही?"

"चालेल, पॉप," नॉर्म म्हणाला. "फक्त नवीन काही येणार नाही."

"हं," पॉप म्हणाला, आणि चाकाकडे वळला.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळे टोपल्या घेऊन चर्चला गेले. अंडी, सॉसेज, पाव, लोण्याचं कोकरू. पाद्र्यानं सगळ्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि नॉर्मच्या टोपलीतल्या कोकराला आधी नखानं टोकरून बघितलं. त्याच्या कानावर साबणाची गोष्ट होती. चर्चमधून पॉप नॉर्मकडे आला, शनिवार त्याचा होता म्हणून. लोरी वर स्वयंपाकात. नॉर्म तळघरात खोका शोधत होता. शेपूट विकून टाकायचं त्यानं ठरवलं होतं. कपाट उघडलं, ब्लँकेट काढलं, गोधडी काढली आणि डबा-शेपूट दोन्ही सोफ्याजवळच्या उघड्या टेबलावर आणून ठेवली. चालतंय का बघावं म्हणून वायरी लावल्या होत्या, इतकंच.

पॉप सोफ्यावर बसला. डोळे नेहमीसारखे लाल.

"लाव."

"काय लावू, पॉप? मेलंय ते."

"मेलेलं लाव."

नॉर्मनं पाणबुडी घातली. घशात हाड अडकलं. घरघर लागली. पंखा आला. दोघं मिळून चढत गेली, थांबली, आठवलं, पुन्हा निघाली. नॉर्मनं वळून बघितलं तर पॉपचं तोंड उघडं.

संपलंच सगळं, असं म्हणून नॉर्मनं बटण दाबलं. आवाज बंद.

पॉपचे डोळे उघडले. "कुणी बंद केलं?"

"मी. तुम्ही झोपला होता."

"मी कुठं झोपलो? लाव."

नॉर्मनं लावलं. पॉप झोपला. नॉर्म जरा वेळ थांबला, मग त्यानं बंद केलं. पॉप उठला. लावलं, झोपला. बंद केलं, उठला. एवढ्यानं नॉर्मच्या डोक्यात उजेड पडला होता, पण नॉर्म शेवटी नॉर्म. त्यानं आणखी दोनदा करून बघितलं, निव्वळ मजा म्हणून. दिव्याच्या बटणासारखा चालत होता म्हातारा. मग त्यानं सिनेमा चालू ठेवून टीव्हीच बंद केला. चित्र गेलं, आवाज नुसता शेपटाचा. पॉपनं एक लांब उसासा सोडला आणि आणखी खोल गेला.

नॉर्म दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. लोरीचे हात पिठात. "खाली ये."

"पिएरोगी भरायचे राहिलेत माझे."

"राहू देत. ये आणि ऐक."

लोरी जिन्यात आली. ऐकलं. घरघर, चढत चढत, मग गप्प, मग आठवून पुन्हा. तिनं पिठाचा हात तोंडावर नेला.

"नॉर्म, ही ममी आहे."

नॉर्मनं कान दिला. खरंच होतं. स्टेलाच्या घोरण्याला शेजारच्या गल्लीत मान होता. एकदा तिचं घोरणं ऐकून, बर्फ काढणारी गाडी आली असं वाटून कुणीतरी रस्त्यावरची मोटार हलवली होती. पॉप चाळीस वर्षं कारखान्यात भट्टीशेजारी आणि घरी स्टेलाशेजारी. शांतता अशी त्या माणसाला कधी मिळालीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी मिळाली, आणि त्यानंतर तो झोपलाच नव्हता.

"रडत नव्हता तो," लोरी म्हणाली. "जागत होता." मग एकदम नवऱ्याकडे वळून, "आणि तू शेपटावर ब्लँकेट टाकलंस?"

"आवाजाचं तूच सांगितलंस की!"

"मी ब्लँकेट म्हटलं होतं?"

जेवणं झाली तरी पॉपला कुणी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ईस्टरचं जेवण क्लिफकडे. दारात बूट निघाले. पॉप सोफ्याच्या टोकावर ताठ बसला, पायांत मोजे, गालिचा पांढराफेक. टेबलावर सॉसेजचे तुकडे औषधाच्या मापात. क्लिफनं निळी डबी उघडली, चकती आत सरकली, कुणाला काही ऐकू आलं नाही. पडद्यावर समुद्र, पक्षी, ढग. घरात एवढी शांतता की जॅनिसच्या पोटातला आवाज सगळ्यांना कळला.

"काय चित्र आहे, नाही पॉप?" क्लिफ म्हणाला.

"चांगलं आहे."

नॉर्म काही बोलत नव्हता. लोरीनं त्याला गाडीत दम दिला होता. तो पाव खात होता आणि क्लिफकडे बघून गोड हसत होता, त्यामुळे क्लिफ घाबरून सारखा आपल्या ताटातलं लोणी हुंगत होता.

जॅनिसनं विषय काढला. "पॉप, खोली तयार आहे. पडदे धुतलेत. तू काय ठरवलंस?"

पॉपनं लोण्याच्या कोकराचं मुंडकं कापलं, पावाला लावलं. "खुर्ची नॉर्मकडे जाईल."

जॅनिसच्या हातातला चमचा तसाच राहिला. क्लिफ म्हणाला, "पण पॉप, ते बंद पडलंय! लाल! मी सांगितलं ना सगळं! आणि तिथं तुम्ही प्रत्येक वेळी झोपलात!"

"म्हणूनच."

"म्हणजे कंटाळा आला तुम्हाला."

"कंटाळा मला तीन वर्षं येतोय, क्लिफ. झोप येत नव्हती."

 पॉपनंच पुढं सांगितलं, पाव चावत, नेमकं कुणाकडे न बघता, की ते खोकं स्टेलासारखं करतं. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगायचं कसं, जावयाला? तुझ्या टीव्हीत माझी बायको आहे म्हणून?

क्लिफ विमेवाला, हरल्यावरही एक कलम शोधणारच. तो उठला, आत गेला, व्हॅक्यूम क्लीनर आणला आणि टेबलाशेजारी चालू केला. जॅनिसनं कानावर हात घेतले.

"हे ऐका!" क्लिफ ओरडला. "हवं तर रात्रभर चालू ठेवू!"

पॉपनं ऐकलं. प्रामाणिकपणे, डोळे मिटून. मग हात वर केला आणि क्लिफनं बंद केलं.

"एकसुरी आहे," पॉप म्हणाला. "स्टेला कधी एका सुरात घोरली नाही. ती मधे थांबायची. आपल्याला वाटायचं, गेली की काय. मग यायची." त्यानं दुसरा तुकडा कापला. "मधे एका शनिवारी मात्र नॉर्मकडे ती बोललीच नाही. काय झालं होतं रे?"

नॉर्मनं लोरीकडे बघितलं. लोरीनं ताटाकडे बघितलं.

"ब्लँकेट टाकलं होतं, पॉप. आवाज येऊ नये म्हणून."

"तिच्या तोंडावर?"

"हो."

पॉपनं जावयाकडे बराच वेळ बघितलं. "लक्षात ठेवीन," तो म्हणाला. त्याचा चेहरा हलला नाही, पण नॉर्मला फार दिवसांनी पोटात गुदगुल्या झाल्या.

जॅनिसनं डोळे पुसले आणि म्हणाली की वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं ती तशीही टाकूनच देणार होती. क्लिफनं व्हॅक्यूम क्लीनर आणलाच आहे तर म्हणून टेबलाखालचे पावाचे कण काढून घेतले.

संध्याकाळीच खुर्ची हलली. नॉर्मच्या पिकअपमध्ये, दोरीनं बांधून, पॉप पुढं बसून मागे वळून वळून बघत. तळघराच्या जिन्यात ती अडकली, कठड्याचा एक दांडा काढावा लागला, पण गेली. टेबलाशेजारी, शेपटाच्या अगदी जवळ. पॉपनं खटका ओढला, पाय वर आले. नॉर्मनं पाणबुडी लावली आणि टीव्ही न लावताच वर निघून आला. घरभर घरघर पसरली. लोरी बराच वेळ कपडे घडी करत राहिली. एकच टॉवेल तिनं तीनदा घडी केला.

सकाळी, म्हणजे ईस्टरनंतरच्या, पाणी उडवायच्या डिंगसच्या सोमवारी, नॉर्मच्या तोंडावर अख्खी बादली आली. थंडगार, नळाची नाही, फ्रिजमध्ये ठेवून तयार केलेली. खरं तर त्या दिवशी पुरुषांनी बायकांवर पाणी टाकायचं असतं आणि बायकांनी विलो झाडाच्या काटक्यांनी मारायचं. पण लोरी कोरडीच होती, बाजूला उठून बसलेली, आणि तिच्या हातात काटकी तयार होती, म्हणजे तिला माहीत होतं. बादलीमागे पॉप. डोळे पांढरेशुभ्र, लाली औषधालाही नाही.

"हे ब्लँकेटचं," पॉप म्हणाला.

लोरीनं त्याला काटकी मारली ती निराळी.

ओल्या कॉलरनं नॉर्म वॉल्डन अव्हेन्यूवरच्या दुकानात गेला, जिथून शेपूट घेतलं होतं. एकच शेपूट किती दिवस टिकणार? आणि आता नवीन निघणार नव्हतं. दाराशी जाळीचा पिंजरा होता, त्यात मोडलेल्या ईस्टरच्या टोपल्या, गाण्याच्या चकत्या आणि खाली दडपलेली शेपटं, भंगाराच्या भावात. नॉर्मनं वाकून एकेक वर काढलं. होती नव्हती तेवढी सगळी छातीशी धरली, सोडतीत डुकराची मांडी लागल्यासारखी, आणि काउंटरवर रचली.

काउंटरवरच्या बाईनं चष्मा वर केला. भली बाई होती, फसवणूक नको म्हणून आवाज खाली आणून म्हणाली, "साहेब, यावर आता नवे सिनेमे येणार नाहीत. तुम्हाला माहितीये ना?"

"एकच आहे आमच्याकडे, बाई," नॉर्म म्हणाला. त्याच्या केसांतून एक थेंब खोक्यावर पडला. तो त्यानं बाहीनं पुसला. "आणि त्यातली पाणबुडी अजून पाण्याखाली गेलेली नाही."